चौकट क्रमांक सतरा

आचरा तिठ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने विचारलं,
एवढ्याशा पाइपचं काय करणार?
चौकोन, म्हटलं. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर.
त्याने चार एल्बो फुकट दिले.

गृहीतक त्याआधीच लिहून झालं होतं,
रत्नागिरीच्या खोलीत, पंख्याखाली:
उपसा होतो त्या पुळणीत आणि होत नाही त्या पुळणीत
शिवल्यांच्या संख्येत फरक नाही.
शून्य परिकल्पना. आपणच मांडायची
आणि मनात धरायचं की पडावी,
जसं पाहुण्याला म्हणावं, राहा की आज,
आणि शेवटच्या एस्टीची वेळ आठवून ठेवावी.

अलीकडची पुळण बायकांची.
पलीकडची देवाची, तिथे कोणी हात घालत नाही.
केळुसकर सर खूश झाले: आयती तुलना मिळाली तुला.
पण देवाने ती काही चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती.
तिथली वाळू भरड, पाणी जास्त खारं.
हे मला कळलं तिसऱ्या अमावास्येला.

यादृच्छिक अंकांच्या तक्त्याने
सतरावी चौकट टाकली मांडीभर चिखलात.
सुकती संपत आली होती.
मी ती दोन पावलं उजवीकडे सरकवली.
वहीत ती दोन पावलं नाहीत.

"काय गो, मोजून वाढतल्यो काय?"
द्वारका तांडेल, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात खुरपं.
मी विचारलं, पूर्वी जास्त मिळायच्या ना?
आणि जीभ चावली.
उत्तर पोटात घालून विचारलेला प्रश्न,
पद्धतीच्या पेपरात ह्याचे दोन मार्क जातात.
ती म्हणाली, "माजी टोपली आता अर्दीच भरता, ह्यां खरां.
पण तेव्हा आमी चौगीजणी होतंव. आता अकरा.
खाडी आटली काय बायल्यो वाढल्यो, तां तू बग.
तुकाच पगार हा ना त्याचो?"
शिष्यवृत्ती, मी म्हटलं. चार महिने थकलेली.

चाळीस चौकटी, सात अमावास्या.
पी-मूल्य शून्य पूर्णांक शून्य सात.
हवं होतं पाचच्या आत.
रात्री एकदा सतरावी वगळून पाहिलं:
शून्य पूर्णांक शून्य चार.
वगळायला कारणही होतं, सरकवलेली होती ती.
नववीही सरकवली होती.
तिची आठवण झाली नाही,
कारण ती माझ्या बाजूने होती.

त्याच आठवड्यात देवळात कुणीतरी कौल लावला,
नवी बोट घ्यावी की नाही.
पाषाणावर ओल्या पाकळ्या, उजवीकडे, डावीकडे.
अर्धा तास. पंखा बंद. एकही हलली नाही.
बोटवाला म्हणाला, परत लावा.
भिवा गुरव तांब्यात हात धूत म्हणाला,
"देव बोलूक नाय, म्हणजे 'नाय' म्हटल्यान असां नाय.
आणि पडासर लावीत रवलंय,
तर तो कौल माजो, देवाचो न्हय."

मी खांबाआड उभी होते. नारळसुद्धा आणला नव्हता.

प्रबंधात लिहिलं: फरक सिद्ध करता आला नाही.
पुढे, त्याच टाइपात:
चौकट नऊ व सतरा, प्रत्येकी दोन पावलं, चिखलामुळे.
पुढे बायका: चार, मग अकरा, मोजमापाबाहेर.
सरांनी समासात पेन्सिलने विचारलं, हे हवंच का?
मी पेन्सिल खोडली नाही, वाक्यही नाही.

द्वारकाबाईंना सांगायला गेले.
"म्हंजे फरक नाय?"
नाही, म्हणजे मला दिसला नाही.
"मग अशां सांग ना," ती म्हणाली,
आणि पिशवीत दोन मुठी शिवल्या टाकल्या.

रात्री धुताना सवयीने मोजल्या. एकतीस.
एक उघडलीच नाही उकळून.
ती कशात धरायची, तेवढा वेळ
पातेलं गॅसवर तसंच राहिलं.